तरटाची पट्टी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

साताऱ्यात राजवाड्याजवळ प्रतापसिंह हायस्कूल आहे. या शाळेच्या जुन्या दाखलपुस्तकात १९१४ या क्रमांकापुढं एक नाव लिहिलेलं आहे, भिवा रामजी आंबेडकर. तारीख आहे ७ नोव्हेंबर १९००, इयत्ता इंग्रजी पहिली. मुलाचं वय साडेनऊ वर्षांचं. हा भिवा म्हणजे पुढचे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर, हे मी वेगळं सांगायला नको. २०१७ साली महाराष्ट्र शासनानं ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळायचं ठरवलं. त्या दिवशी शाळाशाळांतून भाषणं होतात, निबंध होतात. व्हायलाच हवीत. पण मला आज बोलायचं आहे ते त्या दाखलपुस्तकात न लिहिलेल्या एका वस्तूविषयी. ती वस्तू म्हणजे गोणपाट.

बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांत ते साताऱ्याच्या शाळेबद्दल सांगतात. वर्गात त्यांना सगळ्यांपासून दूर, एका कोपऱ्यात बसावं लागे, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे. म्हणून शाळा सुटली की तो गोणपाट काखोटीला मारून घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायचा. तहान लागली तर बाकीची पोरं नळावर जाऊन पाणी पीत. या मुलानं नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर दिवसभर कोरडा घसा.

श्रोतेहो, मला इथं एक गोष्ट नेहमी खटकते. दाखलपुस्तकात नाव चढलं होतं. फी भरलेली होती. सरकारी शाळा होती. कागदावर पाहिलं तर त्या मुलाला शिक्षण मिळालेलंच होतं. पण नाव दाखल होणं निराळं आणि मूल दाखल होणं निराळं. नावाला पुस्तकात ओळ मिळाली, मुलाला मात्र वर्गात जागा मिळाली नाही. मला वाटतं, शिक्षणातल्या समतेची सगळी लढाई या दोन गोष्टींमधल्या अंतराची आहे.

साताऱ्याहून खाली वाळवा तालुक्यात वाटेगाव लागतं. आज ते सांगली जिल्ह्यात आहे, पण त्या काळी हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडत होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. तर या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णाभाऊ साठे जन्मले. अण्णाभाऊंची शाळा किती, तर दीड दिवसाची. मांगवाड्यातल्या पोराला ज्या रीतीनं तिथं वागवलं गेलं, ते पाहून त्यांनी शाळेला जो रामराम ठोकला तो कायमचा. पुढं हा माणूस पायी मुंबईला गेला, गिरणीत राबला, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकला आणि ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहून बसला. त्या कादंबरीला राज्य शासनाचं पारितोषिक मिळालं. ती अर्पण केली होती बाबासाहेबांच्या लेखणीला.

एक मुलगा गोणपाटावर टिकून बसला, दुसरा दीड दिवसात उठून गेला. दोघंही मोठे झाले, म्हणून आपण त्यांच्या गोष्टी सांगतो. पण जी पोरं टिकूनही बसली नाहीत आणि मुंबईलाही पोचली नाहीत, ज्यांनी गुरं राखली, रस्त्यावर खडी फोडली, त्यांची गणती कुठल्या पुस्तकात आहे?

असं नाही की कायदेकानू नव्हते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्यानं थेट मुंबई सरकारकडं अर्ज केला. सरकारला त्याचं म्हणणं पटत होतं, पण एका मुलाला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडून जातील ही भीती मोठी ठरली. मुलगा बाहेरच राहिला. १८८२ साली हंटर आयोगापुढं महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं आणि खालच्या वर्गांच्या शिक्षणावर सरकार खर्च करत नाही हे रोखठोक सुनावलं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या खटाव तालुक्यातलं. सावित्रीबाईंचं माहेर नायगाव, खंडाळा तालुक्यातलं. म्हणजे या लढ्याची मुळं याच मातीत आहेत. याच नायगावाहून सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव येतं. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, याची काळजी त्या पत्रात आहे. मला ते पत्र फार जवळचं वाटतं. एकीच्या खांद्यावरचा भार दुसरीला दुरून कळतो, हीच शेजारी बसण्याची खूण.

पुढं १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, सरकारी शाळा सर्वांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव मंजूरही झाला. कागद चांगला होता. कोपऱ्यातलं गोणपाट मात्र गावोगाव तसंच होतं.

हा प्रश्न काही आपल्याच मुलखाचा नव्हता. अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असत. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं होतं की वेगळं ठेवलं तरी सोयी सारख्या असतील तर अन्याय होत नाही. हे तत्त्व अठ्ठावन्न वर्षं चाललं. मग कान्सास राज्यातल्या टोपेका गावी ब्राउन नावाच्या एका बापानं, आपल्या लेकीला जवळची शाळा सोडून लांब काळ्यांच्या शाळेत का जावं लागतं, म्हणून इतर पालकांबरोबर दावा लावला. १७ मे १९५४ रोजी निकाल लागला. सगळे न्यायाधीश एकमतानं म्हणाले, इमारती सारख्या असोत, मास्तर सारखे असोत, मुलांना वेगळं बसवणं हीच विषमता आहे. कारण वेगळं बसवलेल्या मुलाच्या मनात आपण कमी आहोत ही भावना रुजते आणि ती सहजी निघत नाही.

पण तिथंही कागद पुढं आणि जागा मागं. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लीन्स शहरात रूबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत गेली. बाहेर जमाव शिव्या देत होता, म्हणून सरकारी बंदोबस्तात तिला आत न्यावं लागलं. गोऱ्या आईबापांनी आपापली मुलं काढून नेली. तिला शिकवायला एकच बाई तयार झाल्या. ते अख्खं वर्ष त्या वर्गात दोघीच, एक बाई आणि एक मुलगी. साताऱ्याच्या त्या दाखल्यानंतर साठ वर्षांनी, सातासमुद्रापलीकडं, पुन्हा तेच. नाव दाखल, शेजार नाही.

आता एक अभिमानाची गोष्ट सांगतो. जे अमेरिकेच्या न्यायालयाला १९५४ साली उमगलं, ते आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांना पस्तीस वर्षं आधी उमगलं होतं. १९१९ साली त्यांनी आपल्या संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करायला लावल्या आणि ती मुलं सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. तसं पाहिलं तर वेगळी शाळा ही त्या काळात दयाबुद्धीची गोष्ट समजली जायची. बाहेर बसण्यापेक्षा त्यांची त्यांना शाळा बरी, असं भलेभले म्हणत. महाराजांनी ओळखलं की वेगळी शाळा म्हणजे मोठ्या मापाचं गोणपाटच.

त्याच १९१९ साली, कऱ्हाडजवळच्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. भाऊराव कोल्हापुरात विद्यार्थी असताना अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले. परत आल्यावर आंघोळ करून मगच जेवायला बसा, असं बोर्डिंगात सांगण्यात आलं. त्यांनी आंघोळ केली नाही, बोर्डिंग सोडलं. पुढं इस्लामपूरला शाळेबाहेर बसून शिकणारा एक अस्पृश्य मुलगा त्यांनी पाहिला, तेव्हा मास्तरांशी वाद घालून झाल्यावर ते त्याला थेट कोल्हापूरला घेऊन गेले आणि वसतिगृहात ठेवलं. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. पुढं ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले.

१९२४ साली भाऊरावांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. तिथं काय होतं? मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी पोरं एकत्र राहात. आपला स्वयंपाक आपणच करत आणि एका पंगतीला बसून भाकरी खात. पोरांच्या पोटाला कमी पडू लागलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. भाऊरावांना हे कळलं होतं की नुसतं शाळेचं दार उघडून भागत नाही. एका तव्यावरची भाकरी आणि एका हंड्यातलं पाणी झाल्याशिवाय एका वर्गातला धडा होत नाही.

श्रोतेहो, आता थोडं माझं. मी या झाडाच्या सावलीतच वाढलो. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात आमचं घर. अब्बा पिंजारी. गावोगाव फिरून कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. पहिलीच्या दिवशी ते मला शाळेत घेऊन गेले आणि दारातच थबकले. म्हणाले, “गुरुजी, पोराला कुठं बसवू?”

गुरुजी फळा पुसत होते. मागं न वळता म्हणाले, “बसवा कुठंही. पट्टी सगळ्यांचीच आहे.”

ती पट्टी होती तरटाची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरलेली. उघड्या मांड्यांना ती टोचायची आणि उठल्यावर पायांवर तिची नक्षी उमटायची. शनिवारी दोघं दोघं मिळून ती बाहेर नेऊन झटकायची, की धुळीनं सगळेच सारखे पांढरे. फार पुढं, कॉलेजात बाबासाहेबांच्या आठवणी वाचल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की गोणपाट आणि तरट एकच. एकाच तागाचं, एकच टोचणारं. एकट्याला दिलं की ते गोणपाट होतं, सगळ्यांना मिळून अंथरलं की ती पट्टी होते.

पण खोटं सांगणार नाही. पाण्याच्या माठाजवळ आमची पट्टी संपायची. १९७० नंतरच्या दशकातली गोष्ट आहे ही. मांगवाड्यातली पोरं माठात तांब्या बुडवत नसत, कुणीतरी वरून ओतायचं. कुणी सांगितलेलं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा ऐन चैत्रात गुरुजींनी पाणी वाटायचं काम मांगवाड्यातल्याच एका पोराला दिलं. भाषण नाही, शिक्षा नाही. नुसतं सांगितलं, आजपासून पाणी हा देईल. तीन दिवस निम्मी पोरं मधल्या सुट्टीत घराकडं पळत होती. ऊन मी म्हणत होतं. चौथ्या दिवशी एकानं गपचूप ओंजळ पुढं केली. त्याच्या मागं दुसरा. मग ओळच लागली. त्या तीन दिवसांत मीही घरीच पाणी प्यायला पळत होतो, हे सांगायला मला आजही लाज वाटते. आमच्या धर्मात शिवताशिवत नाही, असं मी नंतर किती वेळा व्यासपीठावरून बोललो असेन. पण गावात राहून गावाची सवय लागतेच.

आठवीला मी तालुक्याच्या हायस्कुलात गेलो. तिथं संस्कृत की हिंदी, असं विचारायचे. मला पाठांतराची आवड, कानाला लय गोड लागायची, म्हणून मी संस्कृत म्हणालो. फॉर्म भरून घेणाऱ्या सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मायेनं म्हणाले, “बाळ, तुमच्यातल्या मुलांना ते जड जातं. हिंदी घे, मार्क मिळतील.” मी हिंदी घेतली. मी भांडलो नाही. सर वाईट नव्हते, माझ्या मार्कांची त्यांना खरंच काळजी होती. पण ‘तुमच्यातल्या’ हा शब्द त्या दिवशी माझ्याखाली अंथरला गेला. मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांनाही संस्कृत घेऊ दिलं नव्हतं. त्यांना फारसी घ्यावी लागली होती. हे पुढं वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. माझं दुःख त्यांच्या दुःखापुढं काहीच नाही. तरी जातकुळी तीच.

मग आज काय आहे? गोणपाट गेलं, हे खरं. कायद्यानं गेलं, चळवळीनं गेलं, तशा गुरुजींमुळं गेलं. पण पट्टीसुद्धा गुंडाळली जाते आहे. आमच्या गावात त्याच शाळेला आता रंग दिलाय, फरशी बसवलीय. सकाळी आठ वाजता पिवळ्या गाड्या येतात आणि ज्यांना परवडतं त्यांची पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेला घेऊन जातात. मागं कोण उरतं? शेतमजुरांची पोरं, मागासवर्गीयांची, आमच्या गल्लीतली, आणि कारखान्याचा हंगाम असेल तर ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांची. कुणी कुणाला बाहेर बसवलेलं नाही, तरी सगळे वेगवेगळे बसले आहेत.

२००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. खासगी शाळांनी सुरुवातीच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या, हे त्यातलं मला सगळ्यांत मोलाचं कलम वाटतं. कारण ते पट्टी अंथरणारं कलम आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनानं नियम बदलून, जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली. पालक न्यायालयात गेले. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला आणि पुढं सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. म्हणजे कागद पुन्हा एकदा भक्कम झाला.

आणि जागा? आमच्या ओळखीच्या एक बाई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांच्या मुलाला या कायद्यातून एका नामांकित शाळेत प्रवेश मिळाला. सगळ्या गल्लीनं पेढे खाल्ले. एक दिवस पोरगा घरी येऊन विचारू लागला, “आई, आरटीईवाले म्हणजे काय गं?” वर्गात बाईंना कसली तरी यादी करायची होती. त्या म्हणाल्या, आरटीईवाल्यांनी हात वर करा. त्यांच्याही मनात काही नसेल, यादीच करायची असेल. पण सातआठ हात वर गेले आणि बाकीच्या वर्गानं मान वळवून पाहिलं. त्या दिवसापासून त्यानं डब्यात भाकरी न्यायची सोडली. चपातीच पाहिजे म्हणतो. श्रोतेहो, मला सांगा, हे गोणपाट नव्हे तर काय?

आमच्या समाजाबद्दलही बोललं पाहिजे. मुसलमानांची मुलं मदरशात जातात, असा सर्रास समज आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानं दाखवून दिलं की शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लीम मुलांपैकी मदरशात जाणारी सुमारे तीन टक्के आहेत. बाकीची साध्या शाळांतच असतात आणि मधूनच गळतात. पण शहरात आम्हाला बाहेरच्या वस्तीत घर मिळत नाही, म्हणून आम्ही आमच्याच मोहल्ल्यात राहतो. मोहल्ला एकाचा, की शाळाही एकाचीच. मग आमच्यातलेच काही म्हणू लागतात, बरं झालं, आपली पोरं आपल्यात राहिली. उर्दू ही गोड भाषा आहे, ज्यांना तीत शिकायचं त्यांनी जरूर शिकावं. पण भीतीपोटी निवडलेली शाळा ही निवड नसते. आपलं आपण विणलेलं गोणपाटही टोचतंच. माझ्या अब्बांनी मला मराठी शाळेत घातलं, तेव्हा नात्यातल्या लोकांनी नाकं मुरडली होती. अब्बांना लिहिता येत नव्हतं. ते एवढंच म्हणाले होते, “ज्या गावाच्या गाद्या भरतो, त्या गावाच्या पोरांत माझं पोरगं बसू दे.” मी आज मराठीत कविता लिहितो, त्याला त्यांचं हे एक वाक्य कारण आहे.

मला कुणी विचारतं, मग उपाय काय? मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही, साधा बीए झालेला माणूस. पण मला त्या गुरुजींचा माठ आठवतो. त्यांनी समतेवर धडा घेतला नव्हता. पाणी कुणाच्या हातून मिळेल, एवढंच त्यांनी बदललं. शाळेत हे करता येतं. बाकांवरच्या जोड्या दर महिन्याला बदलता येतात. यादी करायची तर हात वर न करवता करता येते. संस्कृत मागणाऱ्या पोराला संस्कृत देता येतं. यातल्या कशालाच सरकारी हुकूम लागत नाही.

आणि आपण घरी काय करायचं? आज उद्या तुमचं मूल, नातवंड शाळेतून घरी आलं की किती मार्क पडले हे विचाराच, पण आणखी एक विचारा. तुझ्या शेजारी कोण बसतं? त्याच्या डब्यात काय असतं? तू त्याच्या घरी कधी गेलायस का? मुलाच्या उत्तरातली सगळी नावं आपल्यासारखीच निघाली, सगळे डबे आपल्यासारखेच निघाले, तर समजा की शाळा कितीही महागडी असली तरी ती अपुरी आहे. आपलं मूल कोपऱ्यातच बसलेलं आहे. कोपरा तेवढा चकचकीत आहे, इतकंच.

साताऱ्याच्या दाखलपुस्तकातलं ते नाव आपण जपून ठेवलं आहे. आता त्या नावाशेजारची जागा भरायची आहे, आणि ते काम आपलं आहे.